वाचकांचे प्रश्न : ओकावांगोच्या पाण्यात काय पाहावे, केव्हा पाहावे

गेल्या अंकात आम्ही बोत्स्वाना देशातील ओकावांगो या पाणथळ प्रदेशावर लेख छापला होता. अंगोलाच्या उंच पठारावर उगम पावणारी एक नदी समुद्राला न मिळता कालाहारीच्या वाळूत पसरते आणि तिथेच संपते. तिच्या त्या पसरलेल्या पाण्यावर हत्ती, पाणघोडे, सिंह, रानकुत्रे आणि चारशेहून अधिक जातींचे पक्षी जगतात, हा त्या लेखाचा गाभा होता. त्यावर आलेली बहुतेक पत्रे कोकण किनाऱ्यावरची, अलिबागपासून मालवणपर्यंतच्या वाचकांची आहेत. भरती-ओहोटीच्या हिशेबाने दिवस आखणाऱ्या माणसांना पाण्याविषयी नेमके काय विचारावे हे ठाऊक असते, असे ही पत्रे वाचताना वाटत राहिले. सारखे प्रश्न एकत्र करून पुढे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या आंब्याच्या बागा आहेत. मार्च ते मे या काळात आम्हा दोघांना घर सोडता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सवड असते, पण ओकावांगोत नेमका तेव्हाच पूर असतो असे लेखात वाचले. पुराच्या दिवसांत जनावरे पाहायला जाणे कितपत शहाणपणाचे? त्यापेक्षा दिवाळीत जावे का?
(एक बागायतदार, देवगड)

उत्तर : आपण जुलै-ऑगस्टमध्येच जावे. आपल्याकडे जगबुडी किंवा वाशिष्ठी जशी एका रात्रीत पात्र सोडून बाजारपेठेत शिरते, तसा हा पूर येत नाही. अंगोलाच्या पठारावर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पाऊस पडतो. ते पाणी कुबांगो आणि क्वितो या दोन नद्यांतून खाली येते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडते आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास बोत्स्वानाच्या वायव्य टोकाला मोहेंबो येथे पोहोचते. तिथून पुढे त्याची चाल इतकी मंदावते की दक्षिणेकडच्या माउन गावाजवळ पोहोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. याचे कारण जमिनीला उतारच नाही. सुमारे 250 किलोमीटरच्या अंतरात जमीन जेमतेम 60 मीटर खाली जाते, आणि वाटेतले पपायरस या उंच पाणगवताचे व लव्हाळ्यांचे रान पाणी अडवत, गाळत, थोडे थोडे पुढे सोडत राहते. त्यामुळे हा पूर गढूळ नसतो. उथळ जागी तळाची पांढरी वाळू स्वच्छ दिसते.

हे पाणी माउनच्या परिसरात पोहोचते तेव्हा तिथे महिनोन्महिने पाऊस झालेला नसतो आणि आभाळ निरभ्र असते. ओकावांगोचे सारे वैभव या विसंगतीत आहे. भोवतालचा कालाहारी तहानलेला असताना इथले पाणी चढू लागते, म्हणून दूरदूरच्या कळपांची पावले इकडे वळतात. कायम पाण्याखाली असलेले क्षेत्र आणि पुराच्या ऐन भरात भिजणारे क्षेत्र यांत फार मोठा फरक आहे. चांगल्या वर्षी एकूण ओले क्षेत्र 15,000 चौरस किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्याहून मोठे. वर्षातून एकदाच येणारी आणि ओसरायला महिने घेणारी ही भरती आहे असे समजल्यास तिथली प्रत्येक गोष्ट उलगडू लागते.

एक सूचना मात्र आवर्जून. कोकणातल्या माणसाला आफ्रिका म्हटले की उन्हाळा आठवतो, पण जून-जुलैत तिथे हिवाळा असतो. दुपार सुखद असली तरी पहाटेचे तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरू शकते, आणि त्याच वेळी आपण उघड्या जीपमध्ये बसलेले असता. लोकरीची टोपी, हातमोजे आणि वाऱ्याला अडवणारे जाकीट यांवाचून पहिल्या दोन तासांत प्राण्यांकडे लक्ष लागत नाही.

दिवाळीचा काळ वेगळ्या प्रकारे चांगला असतो. ऑक्टोबरमध्ये पाणी मागे हटलेले असते, उरलेल्या डोहांभोवती जनावरांची दाटी होते आणि शिकारी प्राणी दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते; पण पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि अनेक भागांत होडीपुरते पाणी राहत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस स्थानिक पाऊस सुरू झाला की जनावरे पांगतात आणि स्थलांतरित पक्षी येतात. सिंह-बिबटे मोजून परत यायचे असेल तर ऑक्टोबर घ्यावा. पाणथळ म्हणजे काय ते पाहायचे असेल तर ते पाणी असतानाच पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुक्कामाबद्दलही लिहितो, कारण चूक तिथेच होते. पाच दिवसांत ओकावांगो, चोबे राष्ट्रीय उद्यान आणि व्हिक्टोरिया धबधबा असे आखलेले कार्यक्रम स्वस्त वाटतात, पण त्यांत निम्मा वेळ विमानतळांवर जातो. एक कॅम्प पाण्याचा आणि एक कोरड्या जमिनीचा निवडावा आणि प्रत्येक ठिकाणी निदान तीन रात्री काढाव्यात. ओकावांगोतलेच मोरेमी हे अभयारण्य तिथल्या बातवाना लोकांनी पुढाकार घेऊन 1963 साली आपल्याच भूमीवर घोषित केले. तिथे जीपला ठरलेली वाट सोडता येत नाही आणि रात्रीची फेरीही नसते. लगतच्या खासगी क्षेत्रांत या दोन्हींना मुभा असते, दर मात्र बरेच चढे असतात. पहिल्या भेटीला मोरेमी पुरेसे आहे.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. नदी समुद्राला मिळत नाही आणि पाणी उन्हाने उडून जाते, तर त्यातले क्षार मागे राहायला हवेत. आमच्याकडे मिठागरात नेमके हेच होते. मग हजारो वर्षांत ओकावांगोचे मिठागर का झाले नाही? तिथले पाणी गोडे कसे?
(एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : आलेल्या सर्व प्रश्नांत हा मला सर्वांत आवडला, आणि त्याचे उत्तर कोणत्याही सिंहापेक्षा जास्त थक्क करणारे आहे. नदी दरवर्षी सुमारे दहा अब्ज घनमीटर पाणी आणते आणि त्या पाण्यात विरघळलेले काही लाख टन क्षार असतात. आलेल्या पाण्यापैकी जवळजवळ सगळे उडून जाते; दक्षिणेकडून बाहेर पडणारे पाणी दोन-तीन टक्क्यांच्या आसपास भरते. म्हणजे क्षार आत येतात आणि बाहेर जवळपास जात नाहीत. आपला तर्क पूर्णपणे बरोबर आहे. तरीही पाणी गोडे राहते, कारण तिथली झाडे क्षारांची विल्हेवाट लावतात, आणि त्या झाडांना पाय रोवायला जागा करून देते ती वाळवी.

हा क्रम नीट पाहू. पूर नसलेल्या वर्षांत कोरड्या पडलेल्या सपाटीवर वाळवी वारूळ उभारते. पुन्हा पाणी आले की चहूकडे पाणी आणि मध्ये वारुळाचा कोरडा माथा एवढेच उरते. पक्षी तिथे बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात आणि झाडे रुजतात. ओकावांगोत लहान-मोठी हजारो बेटे आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य बेटांची सुरुवात अशा वारुळांपासून झाली, असे तिथल्या भूशास्त्रज्ञांचे संशोधन सांगते.

आता क्षारांकडे येऊ. बेटाच्या काठावर मोठी सदाहरित झाडे दाटीने वाढतात: आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले जॅकलबेरी, उंबराच्या कुळातले सिकामोर अंजीर, किगेलिया. ही झाडे दिवसभर मुळांनी पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडतात, इतके की बेटाखालच्या भूजलाची पातळी भोवतालच्या दलदलीतील पाण्यापेक्षा खाली जाते. मग सभोवतालचे पाणी सतत बेटाच्या दिशेने झिरपत राहते. झाड पाणी घेते आणि क्षार बहुतांशी जमिनीतच सोडते. आधी कॅल्शियमचे आणि सिलिकाचे क्षार काठाखाली साचतात, त्यांमुळे जमीन किंचित फुगते आणि बेट उंच व रुंद होत जाते. सोडियमचे क्षार जास्त विरघळणारे असल्याने ते आणखी आत, बेटाच्या मध्यभागी पोहोचतात. कालांतराने तिथले भूजल इतके खारे आणि जड होते की ते हळूहळू खोल जमिनीत बुडते. पृष्ठभागावरचे पाणी त्यामुळे गोडे राहते.

हे सारे डोळ्यांनी दिसते, म्हणून आपण कधी गेलात तर एका बेटावर उतरून काठापासून मध्यापर्यंत चालत जाण्याची विनंती गाइडला जरूर करावी. आधी दाट सावली लागते. मग झाडे विरळ होतात आणि रावणताडाच्या जातीचे ताड सुरू होतात, कारण ते थोडा खारेपणा सोसतात. त्यानंतर गवत आखूड आणि टोकदार होते, आणि शेवटी मधोमध उघडी राखाडी जमीन लागते जिच्यावर सोड्याच्या जातीच्या क्षारांचा पांढरा पापुद्रा असतो आणि तो पायाखाली कुरकुरत फुटतो. शे-दोनशे पावलांत गोड्या पाण्यापासून मिठागरापर्यंतचा प्रवास होतो. म्हणजे आपण विचारलेले मिठागर तिथे आहे. ते हजारो बेटांच्या पोटात वाटून ठेवलेले आहे. काठाची झाडे तोडली तर हा पंप बंद पडेल आणि क्षार पाण्यात परत येऊ लागतील. वर्गात सांगण्यासारखी याहून चांगली परिसंस्थेची गोष्ट मला ठाऊक नाही.

प्रश्न : मी खाडीत पर्यटकांना होडीतून फिरवतो. तुमच्या लेखात मोकोरो नावाच्या चपट्या होडीचा फोटो होता. एवढी अरुंद होडी, काठ पाण्यापासून वीतभर वर, आणि त्याच पाण्यात मगरी आणि पाणघोडे. हे लोक धोका कसा टाळतात? लाइफ जॅकेट असते का?
(एक नावाडी, मालवण)

उत्तर : आपल्या व्यवसायातल्या माणसाने हा प्रश्न विचारावा हे योग्यच आहे. मोकोरो ही मुळात एका खोडातून कोरलेली होडी. बायेयी लोकांनी ती या प्रदेशात रुजवली असे मानले जाते. पूर्वी त्यासाठी किगेलिया किंवा जॅकलबेरीची जुनी झाडे तोडली जात. आता ती झाडे वाचावीत म्हणून पर्यटकांसाठीच्या बहुतेक होड्या फायबरग्लासच्या असतात. नावाडी मागच्या टोकाला उभा राहतो आणि न्गाशी या लांब काठीने तळ रेटत होडी पुढे नेतो. पुढे दोन प्रवासी, सामानासकट, अगदी तळाशी बसतात. वल्ह्याचा आवाज नाही आणि इंजिनही नाही.

सुरक्षिततेचा पहिला नियम पाण्याच्या खोलीचा आहे. काठीने तळ लागेल अशाच पाण्यात मोकोरो चालते, आणि पाणघोडे दिवसा खोल पाण्यात राहतात. म्हणून नावाडी पूरमैदानातल्या गुडघा-कंबरभर पाण्याच्या, लव्हाळ्यांतून जाणाऱ्या वाटा धरतो. खोल प्रवाह ओलांडायचाच असेल तर तो आधी थांबतो, उभ्यानेच दूरवर पाहतो, कान देतो आणि मगच पलीकडे काढतो. पाणघोडा दीड टनाच्या घरातला प्राणी आहे, पाच मिनिटांपर्यंत पाण्याखाली राहू शकतो आणि तळावरून चालत येतो. त्यामुळे पाण्यावर काही दिसत नाही म्हणजे पाण्यात काही नाही असे समजायचे नसते. तो स्वभावाने आपली हद्द राखणारा आहे आणि आफ्रिकेत त्याच्यामुळे माणसे मरतात, हे कोणताही प्रामाणिक गाइड लपवत नाही. प्रवाशाने पाण्यात हात सोडू नये, उठून उभे राहू नये आणि नावाड्याने थांबा म्हटले की बोलणेही थांबवावे. लाइफ जॅकेट सगळीकडे आपणहून दिले जात नाही. आरक्षण करतानाच ते मागावे.

या पाणघोड्यांविषयी आणखी एक गोष्ट आपल्याला पटेल. ते रात्री चरायला जमिनीवर जातात आणि पहाटे परततात, रोज जवळपास त्याच वाटेने. त्यांच्या अंगाच्या रेट्याने पपायरस बाजूला होते आणि त्या फटीतून पाणी वाहू लागते. ओकावांगोतले कित्येक प्रवाह असे मोकळे राहिले आहेत. नदी वाळू आणून आपलेच पात्र उथळ करते, पपायरस वाट बुजवते, आणि पाणघोडे नवी वाट काढून देतात. ज्या प्राण्याला नावाडी सर्वांत जास्त जपून असतो, त्याच्याचमुळे त्याला होडी घालायला वाट मिळते.

मोकोरोत बसल्यावर काय दिसते, याबद्दलही थोडे. हत्ती दुरूनच दाखवले जातात, आणि तेच बरे. खरी मौज आहे ती डोळ्यांच्या उंचीवर. कमळांच्या पानांवर नजर टेकते. लव्हाळ्याच्या देठाला बोटाच्या पेरापेक्षा जेमतेम मोठा बेडूक चिकटलेला असतो, उन्हात जवळजवळ पांढरा पडलेला. रात्री कॅम्पभोवती काचेचे मणी किणकिणल्यासारखा जो आवाज अखंड येतो तो याचाच. आफ्रिकी कमळपक्ष्याचा नर पिलांना घेऊन पानांवरून चालतो. धोका वाटला की तो वाकतो, पिले पंखांखाली घेतो आणि उठून चालू लागतो, तेव्हा त्याच्या पंखांखालून पिलांचे लांब पाय खाली लोंबत असतात. पाहणाऱ्याला क्षणभर वाटते की या पक्ष्याला सहा-आठ पाय आहेत. अंडी उबवणे आणि पिले वाढवणे ही सारी कामे नरच करतो. कोकणातल्या तळ्यांत आढळणाऱ्या कमळपक्ष्यांतही हीच रीत आहे.

मोकळ्या पाण्यातून तांबूस रंगाच्या लेच्वे हरणांचा कळप पळतो तेव्हा पाण्याच्या तुषारांनी तो अर्धा झाकला जातो. लेच्वेचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, खूर लांबट आणि पायांवरचे केस पाणी न धरणारे असतात; कोरड्या जमिनीवर त्याला मागे टाकणारा शिकारी प्राणी गुडघाभर पाण्यात त्याच्या मागे पडतो. त्याहून लाजाळू सिटाटुंगा हरीण पपायरसच्या आतच राहते आणि भीती वाटल्यास फक्त नाक वर ठेवून पाण्यात बुडून राहते. ते दिसले तर नशीब समजावे.

प्रश्न : मला छायाचित्रणाची आवड आहे आणि आयुष्यात एकदा शूबिल हा पक्षी पाहायचा आहे. तो ओकावांगोत कुठे दिसेल?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थी, अलिबाग)

उत्तर : तिथे जाऊन तो दिसणार नाही. शूबिलसाठी युगांडा किंवा झांबिया गाठावे लागते. झांबियात बांगवेउलू ही विस्तीर्ण दलदल आहे, पण तिथे पोहोचणे कष्टाचे आणि खर्चाचे आहे. युगांडात एन्टेबे विमानतळापासून जवळ, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मबाम्बा ही पाणथळ जागा आहे आणि 2006 पासून ती रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. तिथे पहाटे लाकडी होडीतून पपायरसच्या अरुंद वाटांनी नेले जाते. जवळजवळ चार फूट उंचीचा, राखाडी, प्रचंड रुंद चोचीचा हा पक्षी एका जागी तासन्‌तास निश्चल उभा राहतो आणि लंगफिश पृष्ठभागावर श्वास घ्यायला आला की अख्खे अंग त्याच्यावर झोकून देतो. लंगफिश हवेतून श्वास घेणारा मासा आहे, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या कुजक्या पाण्यातही जगतो, आणि शूबिल नेमक्या त्याच पाण्याजवळ उभा असतो.

पूर्वी तिथले मच्छीमार शूबिल दिसला की त्या दिवशी जाळ्यात मासे येत नाहीत असे मानत आणि त्याला हुसकावत. आज त्याच वस्त्यांतली माणसे पर्यटकांना तो दाखवून घर चालवतात. त्यांच्या पोटापाण्याचा आणि पक्ष्याच्या जगण्याचा धागा एक झाला आहे, म्हणून होडी ठरवताना शहरातल्या मध्यस्थाऐवजी मबाम्बाच्या धक्क्यावरच्या स्थानिक गाइडशी ठरवावी. कॅमेऱ्याबद्दल एवढेच: होडीत तिपाई उभी राहत नाही, तेव्हा तांदळाने किंवा वाळूने भरलेल्या पिशवीवर लेन्स टेकवण्याची सवय घरीच करून जावे. होडी पक्ष्याच्या फार जवळ न्या असा आग्रह नावाड्याला करू नये. घरट्याच्या काळात त्रास झाला तर हा पक्षी जागा सोडून जातो.

प्रश्न : लसी, व्हिसा आणि शाकाहारी जेवण यांबद्दल सांगावे. आम्ही दोघेही साठीच्या पुढचे आहोत.
(एक निवृत्त दांपत्य, चिपळूण)

उत्तर : केनिया, युगांडा आणि इथिओपिया हे पीतज्वराचे देश मानले जातात. तिथे राहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि 2016 पासून तिचे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य आहे. साठीनंतर ही लस घ्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. विमानाचे तिकीट काढण्याआधी त्यांना विचारावे, कारण उत्तर नाही आले तर मार्गच बदलावा लागेल. जोहान्सबर्गमार्गे माउनला गेल्यास हा प्रश्न सहसा येत नाही. ओकावांगोत मलेरिया आहे, पावसाळ्यात अधिक. प्रतिबंधक गोळ्यांविषयीही त्याच भेटीत बोलून घ्यावे.

व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून बोत्स्वानाच्या दिल्लीतील उच्चायुक्तालयाची अधिकृत माहितीच प्रमाण मानावी. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन पूर्वपरवानगीची पद्धत सुरू केली आहे. केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर 2017 पासून कडक बंदी आहे. लाडू-चिवडा कापडी पिशवीत न्यावा. कॅम्पमध्ये नेणारी विमाने फार लहान असतात, त्यांत कडक बॅग चालत नाही आणि सामान साधारण पंधरा-वीस किलोंपुरतेच घेतात. शाकाहारी जेवण आधी कळवल्यास बहुतेक कॅम्पमध्ये मिळते. त्यात मासे आणि अंडीही नकोत, हे मात्र स्पष्ट लिहावे. गुडघे दुखत असतील तर मोकोरोऐवजी बाकांची मोटरबोट असलेला कॅम्प निवडावा, कारण मोकोरोत पाय लांब करून तळाशी बसावे लागते आणि उठताना आधाराला काही नसते.

प्रश्न : आमच्या खाडीत कांदळवन भराव टाकून बुजवले जाताना आम्ही पाहतो. ओकावांगोला तरी कायमचे संरक्षण मिळाले आहे का?
(एक वाचक, दाभोळ)

उत्तर : कागदावर भरपूर. ओकावांगो 1996 मध्ये रामसर यादीत आले आणि 2014 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत. त्या यादीतले ते हजारावे स्थळ ठरले. बोत्स्वानाने या प्रदेशाची राखण मनापासून केली आहे हेही खरे. पण जागतिक वारशाच्या सीमेत येतो तो पाणी पसरण्याचा प्रदेश. पाणी जिथून येते ती अंगोलाची पठारे आणि वाटेवरचा नामिबियाचा भाग त्या सीमेबाहेर आहेत. अंगोलात 1975 ते 2002 या काळात यादवी युद्ध चालू होते आणि वरच्या खोऱ्यात सुरुंग पेरलेले असल्याने तिथे कोणी धरणे बांधली नाहीत, मोठी शेती केली नाही. आता शांतता आहे आणि तिथल्या लोकांनाही रस्ते, वीज आणि शेतीला पाणी हवे आहे; ते त्यांनी मागू नये असे कोणी कोणत्या तोंडाने सांगणार? नामिबियात कावांगो खोऱ्यात तेलाच्या शोधासाठी विहिरी खोदल्या गेल्या आहेत आणि त्यावरून मोठा वाद झाला. तिन्ही देशांनी 1994 मध्ये या नदीसाठी एक संयुक्त आयोग स्थापन केला आहे, आणि खरा निर्णय तिथेच होईल.

मला काळजी वाटते ती पाण्याच्या वेळेची. पाणी तेवढेच आले पण धरणातून वर्षभर सारखे सोडले गेले, तर नदी वाहती राहील आणि पूर मात्र येणार नाही. ऐन कोरड्या दिवसांत मैदाने भिजणार नाहीत, माशांना अंडी घालायला उथळ पाणी मिळणार नाही, लेच्वेला हिरवे गवत मिळणार नाही. खाडीचे तोंड बांधून भरती अडवली की आत काय होते, हे दाभोळच्या वाचकाला मी सांगायला नको.

प्रश्न : एवढा खर्च आम्हाला झेपणार नाही. याहून कमी पैशांत असे काही पाहता येईल का?
(एक वाचक, गुहागर, याच आशयाची आणखीही पत्रे)

उत्तर : आफ्रिकेतच जायचे असेल तर केनियातील अंबोसेली या वन्यजीव उद्यानाचा विचार करावा. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे आणि तिथून पुढे गाडीने जाता येते, त्यामुळे छोट्या विमानांचा मोठा खर्च वाचतो. अंबोसेलीत पाऊस फारच कमी पडतो, पण किलिमांजारो पर्वतावर पडणारे पाणी सच्छिद्र ज्वालामुखी खडकातून झिरपून मैदानात झऱ्यांच्या रूपाने वर येते आणि एन्कोंगो नारोकसारख्या दलदली वर्षभर ओल्या ठेवते. हत्तींचे कळप त्या दलदलीत पोटापर्यंत शिरून चरतात. बाहेर आले की त्यांच्या अंगावर पाण्याची रेघ स्पष्ट दिसते, खाली काळा ओला आणि वर धुळीने फिकट. चार-पाच जण मिळून एक गाडी केली आणि उद्यानाच्या दारापाशी साध्या निवासात राहिले तर खर्च बराच आटोक्यात येतो. जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे महिने त्यासाठी चांगले.

आणि तोवर घराजवळच्या पाण्याकडे जावे. वाशिष्ठीच्या खाडीत चिपळूणच्या खालच्या अंगाला मगरी आहेत. थंडीच्या सकाळी ओहोटी असताना त्या चिखलाच्या काठांवर ऊन खात पडतात आणि तिथे होडीतून फेरी मारता येते. ठाणे खाडीचे रोहित पक्षी अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 मध्ये ते रामसर यादीत आले. ऐरोलीच्या केंद्रातून वनविभागाच्या बोटी सुटतात, त्यांची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. आठ पट मोठे दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगांची दुर्बीण घ्यावी. होडी हलत असताना याहून अधिक क्षमतेची दुर्बीण हातात स्थिर राहत नाही, आणि पुढे कधी अंबोसेली किंवा ओकावांगोला जाणे झाले तर तिथेही हीच पुरते.